पहिला नंबर पोशाच्या घराचा

आवळमाळच्या अंगणवाडीत शकूबाईंना तेवीस वर्षं झाली होती. पोरांना आकडे म्हणता येतात पण आकडे कळत नाहीत, हे तेवढ्या वर्षांत त्यांना पुरतं उमगलं होतं. एक ते वीस पोरं आरतीसारखी एका दमात म्हणायची. 'बाराच्या आधी कोण?' म्हणून विचारलं की पुन्हा एकापासून गाडी सुरू. मग शकूबाई जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर ठळक आकडे काढायच्या, एकेका पोराच्या हातात एकेक द्यायच्या आणि म्हणायच्या, "आपापली जागा शोधा रं. तुझ्या अलीकडं कोण, पलीकडं कोण?" मग ढकलाढकली, रडारड, आणि शेवटी एक वाकडीतिकडी रांग. ती बरोबर लागली की तव्यावरची भाकरी टम्म फुगावी तसं त्यांना वाटायचं.

वाडी खालापूर तालुक्यातली, बावीस घरांची, डोंगराच्या चढावर एकीवर एक बसलेली. शकूबाईंचं घर मधल्या आळीत. नवरा धोंडी माथेरानला एका हॉटेलात कामाला. पायवाटेनं डोंगर चढून जायचा आणि दर मंगळवारी उतरून घरी यायचा.

मे महिन्यात तीन माणसं आली. तिपाईवर यंत्र लावून दोन दिवस डोंगराकडे बघत बसली आणि जाताना प्रत्येक दारावर लाल रंगानं आकडा काढून गेली. कशाचा आकडा, असं विचारलं तर "सर्वे आहे," एवढंच उत्तर. वाडीनं आपला अर्थ लावून घेतला, की ही घरकुलाची यादी. सगळ्यात वरच्या पोशाच्या दारावर एक आला होता. म्हातारा छाती काढून वाडीभर फिरला. "आपला पयला नंबर! तुमी बसा मागं." तळाच्या विठूला अठरा आला. चार दिवस तो घुम्यासारखा राहिला आणि पाचव्या दिवशी त्यानं अठरातला एक विटेनं घासून काढला. झाला आठ.

शकूबाईंना मात्र निराळाच आनंद झाला. आयता धडा दारोदार लिहून ठेवलेला! एका सकाळी चौदा पोरं आणि मदतनीस भागूबाई यांना घेऊन त्या निघाल्या. "एक शोधा. मग दोन, मग तीन. बघू कोण चुकत नाय."

एक वर सापडला. दोन शेजारी असणार म्हणून पोरं लगतच्या खालच्या घराकडं धावली, तर तिथं सहा. दोन निघाला ओढ्यापलीकडं. तीन खुद्द अंगणवाडीच्या दारावर. चारसाठी पुन्हा वर चढावं लागलं. सात शकूबाईंच्या स्वतःच्या दारावर. पोरं खाली-वर धावून दमली. पोशाची नात सुरभी, पाच वर्षांची, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, घरं चुकीची उभी राह्यलीत का?"

भागूबाई पोट धरून हसल्या. शकूबाईही हसल्या, आणि सहज त्यांनी वर पाहिलं. पहिल्या चारही घरांच्या पाठीशी तोच लाल, उघडा पडलेला कडा होता. गेल्या पावसाळ्यात तिथूनच दगड घरंगळत आले होते. कड्याच्या वर, करवंदीच्या जाळीत, जमिनीला पडलेली ती भेग. भागूबाईंचा कोयता तिच्यात पडला तो परत मिळालाच नव्हता. कड्यापासून लांब जावं तसे दारांवरचे आकडे वाढत गेले होते.

"चला पोरांनो, बास झालं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या तालुक्याच्या कचेरीत गेल्या. तरुण कारकुनानं आधी टोलवाटोलवी केली. मग त्यांनी कड्यापासूनच्या अंतरानं वहीत मांडलेली घरं त्याच्यापुढं ठेवली, तेव्हा त्याचा नाइलाज झाला. "तुम्ही लावलंत ते बरोबर आहे, बाई. धोका जास्त, त्याचा नंबर आधी."

"मग आमाला सांगितलं का नाय?"

"आदेश आला की सांगू. उगाच लोक घाबरतात."

"अंगणवाडी तीन नंबरला हाय, साहेब. चौदा पोरं बसतात."

त्यानं वही मिटून परत दिली.

परतल्यावर त्या आधी पोशाकडे गेल्या. "पोशाबाबा, ह्यो घर मिळायचा नंबर नाय. घर जायचा हाय."

म्हातारा हसला, मग चिडला. "माझा नंबर तुला खुपतो व्हय गं? आमचा बाप इथंच मेला, आजा इथंच मेला. डोंगर कुठं गेला नाय." त्यानं दार लावून घेतलं. बाहेर उभा राहून ऐकणारा विठू मात्र पांढरा पडला. संध्याकाळी त्यानं आठाच्या आधी चुन्यानं आपला एक पुन्हा लिहिला.

शकूबाईंनी कुणाला न विचारता पोरं तळाच्या समाजमंदिरात हलवली. पर्यवेक्षिका बाई फोनवर तडकल्या, "परवानगी कुणी दिली? लेखी दाखवा." समाजमंदिराला गळती होती. आया कुरकुरल्या. चौदातली नऊच पोरं यायला लागली. सुरभीला पोशा पाठवीना, म्हणून रोज सकाळी शकूबाई स्वतः वर चढायच्या आणि तिचा हात धरून तिला खाली आणायच्या. चढताना नजर कड्यावर असायची. रोज नवी माती पडलेली दिसायची, कधी ओंजळभर, कधी टोपलीभर.

जुलैतली गोष्ट. सलग पावसाची पाचवी सकाळ. दहा पोरं पत्रिका घेऊन रांगेत उभी होती आणि भागूबाई खिचडीला फोडणी देत होत्या. अचानक वर खडीचे दहा डंपर एकदम ओतावेत तसा आवाज झाला. जमीन हलली. कुणाच्या तरी हातातली पत्रिका खाली पडली. मग इतकी शांतता झाली की फोडणीची मोहरी तडतडताना ऐकू आली.

शकूबाईंनी पोरं मोजली. पुन्हा मोजली. दारात आडव्या उभ्या राहून त्या ओरडल्या, "कुणी बाहेर पाऊल टाकायचं नाय!"

कडा खाली आला होता. वरची, अंगणवाडीची जुनी खोली खिडकीपर्यंत चिखलानं भरली होती. दोन नंबरचं घर मागून खचलं होतं. घरची माणसं लावणीला गेली होती म्हणून वाचली. घरी राहिलेली चारही पोरं धडधाकट होती. पोशाचं घर गाडलं गेलं होतं; त्याला चौघांनी ओसरीतून ओढून काढलं. त्याचा पाय मोडला होता. त्याची बायको गोठ्यात वैरण टाकायला गेली होती. ती दुसऱ्या दिवशी दुपारी मातीखाली सापडली. स्ट्रेचरवरून नेताना पोशानं शकूबाईंचा पदर मुठीत धरला होता.

तिसऱ्या दिवशी आदेश आला. पहिल्या सहा घरांनी रस्त्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये जायचं, बाकीची पुढच्या टप्प्यात. त्याच आठवड्यात शकूबाईंना विनापरवाना जागा बदलल्याचा खुलासा मागणारं पत्रही आलं. त्यांनी ते घडी करून खिचडीच्या तांदळाच्या पोत्याखाली ठेवलं.

मंगळवारी धोंडी उतरला तो छत्री न उघडताच, चिंब भिजून. उंबऱ्यातच उभा राहिला.

"वरनं बघून आलो. भेग वाढलीय. आता आपल्या आळीच्या डोक्यावर आलीय."

"केवढी हाय?"

त्यानं दोन्ही हात पसरले, अजून पसरले, आणि मग तसेच खाली सोडले.

शकूबाईंनी चूल विझवली. अंथरुणं, दोन भांडी, पोरांच्या हजेरीची वही घेतली आणि दोघं समाजमंदिराकडे निघाली. वाटेत त्यांनी प्रत्येक दार वाजवलं. कुणी आलं, कुणी "उद्या बघू" म्हणालं. दिवेलागणीपर्यंत समाजमंदिरात पाच घरं जमली. एका बाईनं तान्ह्याला पाजता पाजता विचारलं, "बाई, किती दिस काढायचे इथं?"

शकूबाईंनी दाराकडे पाहिलं. बाहेर धोंडी बॅटरी घेऊन डोंगराकडे तोंड करून उभा होता, आणि पाऊस होताच.