तोंड नसलेली बाई

"मान थोडी खाली. हं, दमल्यासारखी उभी राहा," समोर चित्र काढणारी पोरगी म्हणाली.

मी दमले नव्हते. सतरा वर्षांची होते आणि डोक्यावरची टोपली रिकामी होती.

बालाघाटजवळची आमची मँगनीजची खाण बंद पडली होती. वस्ती तिथंच राहिली. ज्या शेडमध्ये माझी आई हातोडीने दगड फोडून निवडायची, तिथे नागपूरहून चित्रकार मंडळी आली. त्यांनी पत्रे बदलले, शेड धुऊन काढली. आई काम मागायला गेली, तिला झाडू मिळाला. मी शिकायला गेले, मला टोपली मिळाली, ती डोक्यावर घेऊन चित्रासाठी उभं राहायला.

चित्रं मी आधीपासून काढत होते. आम्ही बौद्ध झालो तेव्हा घरोघरी देव उतरवले, भिंतीतल्या देवळ्या रिकाम्या झाल्या. त्या देवळ्यांत मी डिंकात काळ्या दगडाची भुकटी कालवून पिंपळपानं काढली. लोक मुद्दाम बोलावणं पाठवायचे. मंडळींना शिकवणाऱ्या सरांना हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. ते "बघू" म्हणाले.

समोरची पोरगी माझ्याच वयाची. जळत होते मी तिच्यावर. तिच्या हातात ब्रश होता. चुकलं की कागद फाडायची, नवा घ्यायची. सर तिच्या मागे उभं राहून हळू आवाजात समजावायचे. माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. तरी उभी राहायचे, आज ना उद्या मलाही शिकवतील म्हणून.

चहाच्या वेळी मी तिचं चित्र पाहिलं. टोपली, हात, पाठ, सगळं होतं. तोंडाच्या जागी काळा डाग.

"तोंड काहून नाही?"

"मजूर आहे हे कळतं ना? मग चेहऱ्याची गरज नाही," ती म्हणाली.

मी सरांकडे वळले. "मले चित्र काढाले शिकवा."

सर हसले. "अगं, तू चित्रात आहेसच की."

मग सगळेच हसले. मी टोपली खाली ठेवली. आता उभी राहणार नाही म्हणून सांगितलं. आई कोपऱ्यात झाडत होती. तिने डोळ्यांनी दटावलं. माझ्यापायी तिचं काम जाईल ही भीती. मी थांबले नाही.

जळफळाट घरीही आला माझ्यासोबत. तो मी विझू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, शेडच्या रस्त्याकडच्या भिंतीवर मी आईला काढायला घेतलं. आधी डोळे. चौकीदार धावत आला, सगळं पुसून टाकतो म्हणाला.

"पुसा," मी म्हटलं. "मी पुन्हा काढीन."