औषधांच्या रकान्यात मी ‘निरंक’ लिहिलं

“ये वाली हड्डी मर चुकी है, बाबूजी.”

इंदूरमधल्या जबड्याच्या सर्जननी पडद्यावरच्या चित्रावर पेनाचं टोक ठेवलं. खालच्या जबड्याच्या डाव्या बाजूला, वाळवी लागलेल्या लाकडासारखा एक भाग दिसत होता. माझी बायको निर्मला तोंडावर रुमाल धरून खुर्चीत बसली होती. मुलगा संजय तिच्या मागे उभा होता.

आजाराचं नाव ऑस्टिओनेक्रोसिस. म्हणजे रक्त पोचेनासं होऊन हाडाचा तुकडा माणसाच्या अंगात असतानाच मरतो. डॉक्टरांनी विचारलं, “माताजी को हड्डी मजबूत करने का कोई इंजेक्शन लगा था?”

निर्मलानं तीन बोटं वर केली. पाठीचा मणका दबल्यापासून तीन वर्षं, दरवर्षी त्या औषधाचं एक सलाईन. असं औषध घेतलेल्यांचे दात काढले तर कधी कधी जबड्याचं हाड भरून न येता मरतं, असं डॉक्टर म्हणाले.

संजयनं माझ्याकडे पाहिलं. “बाबा, बुऱ्हाणपूरला दात बसवताना हे सांगितलं होतं ना?”

“सांगितलं होतं,” मी म्हणालो.

ते खोटं होतं. दुरुस्त करायला मला दोन वर्षं लागली. ज्यांच्या घरी दात बसवायचं चाललं आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पैशाचंही लिहितो, कारण माझी चूक तिथूनच सुरू झाली.

निर्मलाच्या खालच्या जबड्यात चारच दात उरले होते. काढघालीची कवळी बसत नव्हती. हिरड्या झिजून सपाट झाल्या होत्या, त्यामुळे बोलता बोलता कवळी उचलायची. ती भाकरी वरणात भिजवून खायची आणि पंगतीत जायचं टाळायची. “तुमच्या समाजाचं जेवण तुम्हीच जेवून या,” म्हणायची. “मी घरी खिचडीशी लग्न लावलंय.”

आमच्या बुऱ्हाणपुरातल्या सिंधीपुऱ्यात माझ्या एका जुन्या मास्तरमित्राच्या मुलीनं दवाखाना उघडला होता. हुशार, कमी बोलणारी मुलगी. तिनं इम्प्लांट सुचवलं. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचा धातूचा स्क्रू. त्यावर पक्के दात बसतात. उरलेले चार दात काढून चार स्क्रू बसवायचे, खर्च दोन लाख दहा हजार. स्कॅन वेगळा. दोनच स्क्रू आणि त्यावर अडकवायची कवळी असा निम्म्या खर्चाचा रस्ताही तिनं सांगितला. इंदूरच्या सरकारी दंत महाविद्यालयात याहून कमी लागेल, पण फेऱ्या बऱ्याच होतील, हेही तिनंच सांगितलं. लपवलं काहीच नाही.

पैसे कसे उभे करायचे ते मी बघत होतो. आरोग्य विम्यात दात बसत नाहीत, अपघात असेल तरच विचार करतात. निर्मला बांगड्या काढून द्यायला तयार होती, मी नको म्हणालो. भावाची बहादरपुरात केळी होती, पण त्या वर्षी केळीचे भाव पडले होते, त्याच्याकडे तोंड उघडायची माझी हिंमत झाली नाही. शेवटी दवाखान्याशी जोडलेल्या एका फायनान्स कंपनीची सोय घेतली. वर्षभराचे हप्ते, व्याज नाही. महिनाअखेरीच्या आत काम सुरू केलं तर वीस हजार सूट. माझं वय पाहून कंपनीनं मला कर्ज दिलं नाही, म्हणून संजय इंदूरहून रजा टाकून आला आणि ते त्याच्या नावावर झालं. हप्ता मी पेन्शनमधून त्याला देणार होतो.

कर्ज सकाळी मंजूर झालं. निर्मलाला एक्स-रेच्या खोलीत नेलं, संजय फोनवर बोलत बाहेर गेला, आणि काउंटरवरच्या मुलीनं माझ्या हातात फॉर्म दिला. मी छत्तीस वर्षं तहसील कचेरीत बाबू होतो. घरातले सगळे फॉर्म मीच भरतो. रक्तदाब, साखर, ॲलर्जी, भराभर लिहिलं. मग रकाना आला: हाडांसाठी काही औषध किंवा इंजेक्शन?

मी काउंटरवर विचारलं, “यात काही लिहिलं तर काय होतं?”

“मग अंकल, हड्डीवाल्या डॉक्टरची चिट्ठी लागते,” ती म्हणाली. “कधी कधी मॅडम दोन-तीन महिने थांबवतात. काहींना करतच नाहीत.”

“आणि सूट?”

“ती तर एकतीस तारखेपर्यंतच.”

सलाईनबरोबर हाडांच्या डॉक्टरांनी एक कार्ड दिलं होतं. दात काढण्याआधी या औषधाची माहिती दंतवैद्याला द्यावी, असं त्यावर हिंदीत छापलेलं होतं. मी ते वाचलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणण्याची सोय मी आज स्वतःला ठेवत नाही.

कचेरीत रकाना कोरा सोडायचा नाही अशी शिस्त असते. माहिती नसली की ‘निरंक’ लिहायचं, कागद पुढे सरकतो. किती तरी गावांचे तक्ते मी असे पुढे पाठवले असतील. त्या दिवशी माझं पेन क्षणभर थांबलं, मग मी ‘निरंक’ लिहून खाली सही केली.

घरी निर्मलानं विचारलं, “अहो, ते सलाईनचं सांगितलं का त्यांना?”

“सगळं लिहिलंय,” मी म्हणालो.

दात निघाले, स्क्रू बसले. चौथ्या महिन्यात पक्के दात लागले. निर्मलानं मुळ्याची चकती कचकन चावली आणि मला ऐकवलं, “आता तुमची हाडंही चावीन.” दीड-दोन महिने बरे गेले.

पुढे एका सकाळी चहा तिच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळाला. तिला कळलंच नाही. ओठ बधिर झाला होता. आठवड्यानं तोंडाला वास येऊ लागला. तिनं मिठाच्या गुळण्या वाढवल्या आणि बोलताना पदर आड धरू लागली. एकदा आरशासमोर मला बोलावून म्हणाली, “इथं बघा बरं, ज्वारीचा दाणा अडकलाय का?” हिरडीच्या फटीत काहीतरी पिवळट पांढरं दिसत होतं. मी काडीनं हलवून पाहिलं. ते हललं नाही. तिला दुखलंही नाही. ते हाड होतं.

सिंधीपुऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी लगेच इंदूरसाठी पत्र लिहून दिलं. तिथल्या खोलीत जे घडलं ते वर सांगितलंच आहे.

ऑपरेशन साडेपाच तास चाललं. वेटिंग रूममध्ये संजय मोबाईलवर दवाखान्याविरुद्धची तक्रार टाइप करत होता आणि मी त्याला तारखा सांगत होतो. जबड्याचा डावा तुकडा काढला, चारही स्क्रू काढले, आत धातूची पट्टी बसवली. नर्सनं ते स्क्रू एका छोट्या डबीत घालून माझ्या हातात दिले. त्या दिवशी सात हप्ते फिटले होते, पाच बाकी होते. दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे कापले जात राहिले, आणि निर्मला नळीनं दूध घेत राहिली.

तक्रार ग्राहक मंचात गेली. डॉक्टरीणबाईंनी माझा फॉर्म पुढे केला. तेव्हा मी दुसरं खोटं बोललो. म्हणालो, तोंडी सगळं सांगितलं होतं, त्या म्हणाल्या काही होत नाही, आणि ‘निरंक’ लिहायला लावून, न वाचताच माझी सही घेतली. छत्तीस वर्षांत न वाचता मी कुठे सही केली नव्हती. पण म्हाताऱ्यावर लोक विश्वास ठेवतात. संजयनं इंटरनेटवर लिहिलं, समाजाच्या ग्रुपवर ते फिरलं. दवाखान्याबाहेरच्या चपला कमी होत गेल्या.

पुढच्या वर्षी मी तिथून जात होतो. दोन माणसं शिडी लावून पाटी उतरवत होती. मुलीचे वडील, माझे मास्तरमित्र, खाली उभे राहून “सावकाश रे, काच आहे” म्हणत होते. मला पाहून ते जवळ आले. मला वाटलं आता शिव्या ऐकायच्या. त्यांनी विचारलं, “वहिनींना जेवता येतंय का आता?”

मी हो म्हणालो आणि घरी आलो.

निर्मला मिक्सरमध्ये वरण-पोळी फिरवत होती. मी मिक्सर बंद केला आणि कार्डापासून सहीपर्यंत सगळं सांगितलं. तिनं मिक्सरचं भांडं काढून झाकलं. नंतर एवढंच म्हणाली, “मी विचारलं होतं तुम्हाला.” चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, “त्या पोरीकडे कधी जायचं?”

आम्ही दोघं गेलो. ती आता खंडव्यात दुसऱ्याच्या दवाखान्यात पगारावर काम करते. मी बोलत असताना ती टेबलावरचा काचेचा पेपरवेट सरळ करत राहिली.

“काका, मी रोज तो एक्स-रे काढून बघायचे,” ती म्हणाली. “माझं कुठं चुकलं ते शोधायचे. आता हे लिहून द्या.” मग माझ्याकडे पाठ करून निर्मलाला म्हणाली, “काकू, जरा तोंड उघडा.” ती बराच वेळ तपासत होती. पैसे घेतले नाहीत.

मी शपथपत्र दिलं. तक्रार मागे घेतली. संजय घरी येतो, आईशी बोलतो, माझ्याशी कामापुरतं. पाटी मात्र परत लागलेली नाही, आणि ते माझ्या हातात नाही.

वाचणाऱ्यांना सांगणं एवढंच. दर विचाराल तेव्हा स्कॅन, स्क्रू आणि वरचे दात वेगवेगळे लिहून घ्या. शक्य असेल तर जसं काम होईल तसे पैसे द्या. सगळ्या तपासण्या होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत कर्जावर सही करू नका. हप्त्याची तारीख एकदा ठरली की घरातलं दुखणं त्या तारखेच्या मागे धावू लागतं. हाडांचं कुठलंही औषध चालू असेल किंवा पूर्वी झालं असेल, तर ते सांगा. त्यापायी काम रद्द झालं तरी सांगा. आणि ज्याचं तोंड आहे त्यालाच बोलू द्या.

निर्मला अजून मऊच खाते. सकाळची पेज मी करतो आणि ती माझ्या हातची घेते, याचे उपकार मी मानतो. हा लेख मी तिला वाचून दाखवला. शेवटी मी लिहिलं होतं की तिनं मला माफ केलं. तिनं हात वर करून मला थांबवलं.

“ते काढा,” ती म्हणाली. “मी अजून ठरवलं नाही.”

ते वाक्य मी काढलं आहे.