पुसलेला पाठ

गूढ अनुभवांच्या अशा सदरांतील कथा मी वाचतो आणि बाजूला ठेवतो. ईश्वरावर माझी निष्ठा आहे; परंतु यंत्रात कुणी येऊन बसते, यावर ती कधीच नव्हती. आजही नाही. तरीही जे घडले ते घडले तसे लिहितो.

धुळ्यात देवपूरला माझे घर. महाविद्यालयात संस्कृत शिकवून निवृत्त झालो. आता एका लहान वेदपाठशाळेचे काम पाहतो. सारे मला नाना म्हणतात. आमचे गुरुजी, म्हणजे आबा, पाचोऱ्यास असत. घनपाठातील एक शेवटचे प्रकरण आमच्या परंपरेत केवळ त्यांनाच मुखोद्गत होते. माझे अध्ययन नोकरीमुळे त्याच्या अलीकडेच थांबले होते. आबांबरोबर ते प्रकरणही जाईल, या भीतीने आम्ही ध्वनिमुद्रण सुरू केले.

ती सर्व व्यवस्था माझी भाची वैदेही हिची. ती जळगावला एका कंपनीत डेटाबेस सांभाळते. ध्वनिमुद्रणे क्लाउडवर ठेवायची, पण दुसऱ्या कुणाच्या माहितीत मिसळायची नाहीत, असा आम्हा विश्वस्तांचा आग्रह.

“म्हणजे तुमचा डेटाबेससुद्धा सोवळ्यात हवा तर,” ती हसली.

तिने संस्थेपुरता स्वतंत्र डेटाबेस घेतला. तो स्वतःची देखभाल स्वतःच करतो... बॅकअप घेतो, दुरुस्त्या चढवतो, वेग राखतो.

“मग तू काय करतेस?” मी विचारले.

“आत कुणाला येऊ द्यायचं आणि बॅकअप किती काळ ठेवायचे, एवढं मी ठरवते. बाकी त्याला आपली गरज नाही, मामा.”

एका सकाळी आबांनी ते प्रकरण सलग म्हटले. मध्येच खोकल्याची उबळ आली आणि काही पदे त्यात बुडाली. मी मुद्रण डेटाबेसमध्ये चढवले आणि आबांना ऐकवले.

“नाना, हे पुसा.”

“आबा, दुसरे होईपर्यंत राहू द्यावे...”

“अशुद्ध पाठ ठेवायचा नसतो. उद्या पुन्हा म्हणू.”

आमच्या परंपरेचा नियमच तो. वैदेहीला सांगून मी ते पुसवले. माझ्या फोनमधलेही काढून टाकले. दुसऱ्या दिवशी आबांना ताप आला. त्यातून ते उठले नाहीत.

उत्तरकार्य आटोपले. पुढे बऱ्याच दिवसांनी धीर करून मी वैदेहीला विचारले, ते सदोष मुद्रण तरी परत मिळेल का? खोकल्यातून जे वाचेल ते वाचेल.

“मामा, बॅकअपची मुदत उलटून गेली. आता नाही मिळायचं.”

“तरी एकदा पाहा.”

तिने हाती उरलेल्या सर्वांत जुन्या बॅकअपवरून डेटाबेसची एक प्रत उभी केली. दुपारी तिचा फोन आला. आवाज कामाचा, पण जरा सावध.

“मामा, पाठ आहे. पण तो असायला नको. हा बॅकअप पुसल्यानंतरचा आहे. आणि... तुम्ही खोकला म्हणाला होतात ना? यात खोकला नाही. आबा थोडं म्हणतात, मग गप्प राहतात, मग पुढचं म्हणतात.”

वैदेहीने सर्व नोंदी तपासल्या, आपल्या वरिष्ठांकडूनही तपासून घेतल्या. पाठ पुसल्याची नोंद होती. त्यानंतर कुणी काही चढवल्याची नव्हती. मी पाचोऱ्यास जाऊन शेजारच्या अक्कांना विचारले. आबांची शुश्रूषा त्यांनीच केली होती.

“आबानी कव्हय फोनले हात लावा नही, नाना,” अक्का म्हणाल्या. “आन ताप उना तवयपाईन त्यासना आवाजच बसी गयथा.”

ताप आल्यापासून आवाजच बसलेला, म्हणजे आबांनी पाठ पुन्हा म्हटला असणेही शक्य नव्हते. मी परतलो. स्नान करून पाठशाळेत बसलो आणि ते मुद्रण लावले. आवाज आबांचाच होता, निदान पंधरा वर्षांपूर्वीचा, भरलेला. पहिले चरण झाले, शांतता आली, आणि माझ्या मुखातून ते आपोआप दोनदा उमटले. संथा देण्याची रीतच ती—गुरूंनी एकदा म्हणायचे, शिष्याने दोनदा. माझे दुसरे आवर्तन संपले की आबा पुढचे चरण उच्चारीत. असे अखेरपर्यंत चालले. एके ठिकाणी मात्र मला म्हणवेना. मी थांबलो, डोळे पुसले, पाणी प्यायलो, मग दोनदा म्हटले. आबा तोवर थांबले होते.

वाटले, भास असेल. नंतर पुष्कळदा ते लावले. मी थांबलो होतो त्या ठिकाणचा विराम मुद्रणातच तेवढा लांब आहे.

आता त्याच मुद्रणावरून दोन विद्यार्थी ते प्रकरण शिकत आहेत. त्या ठिकाणी आले की त्यांची दोन्ही आवर्तने केव्हाच संपतात, आणि पुढचे चरण काही येत नाही. दोघे माझ्याकडे पाहतात.

“नाना, इथे गुरुजी कुणासाठी थांबलेत?”

मी त्यांना हातानेच खूण करतो... थांबा.