बनाबाईनं सांगितलेला दुष्काळ

बनाबाईला मी पहिल्यांदा खडीच्या कामावर पाहिलं, पण ती कामावर नव्हती. त्र्याहत्तरचा उन्हाळा. बेंबळीच्या रस्त्याला दुष्काळी काम निघालेलं, आणि सत्तरीची बनाबाई रोज तिथं येऊन बाभळीखाली बसायची. हात थरथरतात म्हणून मुकादमानं तिचं नाव यादीत घेतलं नव्हतं. नवरा कधीच गेलेला, मुलगा बार्शीला गेला तो तिकडचाच झाला. एके काळी खळ्यावर उफणायला गावाला तीच लागायची.

मी शाळामास्तर, आणि डोक्यात कादंबरी. निजामाच्या अमलातल्या, पाऊणशे वर्षांमागच्या एका जुन्या दुष्काळावरची. किल्ले-तलवारी पाहिजे तेवढ्या सापडतात हो, पण तेव्हा माणसं चुलीवर काय चढवत होती, ते कुठल्याच दप्तरात नाही. म्हणून शाळा सुटली की वही घेऊन मी खडीच्या कामावर जायचो. जुनी माणसं तिथं एका जागी आयती भेटायची! असा मी शहाणा.

"मावशी, दुष्काळात माणसं खातात काय?" मी बनाबाईला विचारलं. तिनं सासूकडून ऐकलं असेल, असं मी धरून चाललो होतो.

तिनं वहीकडं पाहिलं, पदर सावरला आणि सांगू लागली. मुंग्यांची वारुळं उकरायची, आत साठवलेले दाणे मातीसकट सुपात घ्यायचे आणि पाखडायचे. "समदं न्यायचं न्हाय, गुरुजी. मूठभर ठिवायचं. न्हायतर मुंग्या दुसरीकडं जात्यात."

मी हरखून गेलो. असा तपशील घरबसल्या कुणाला सुचेल? पंधरा दिवस ती सांगत राहिली, मी लिहीत राहिलो. एक अख्खं प्रकरण झालं. तिला साधा चहासुद्धा विचारला नाही मी.

नवी यादी वाचायच्या दिवशी ती कुणाचा तरी हातोडा मागून घेऊन आली. मुकादमानं नावं वाचली. तिचं नव्हतं. ती तडक माझ्याकडं आली.

"गुरुजी, वहीत बगा की. रोज लिवून घेतलंय तुमी."

ही वही कामाच्या यादीची नाही, मी म्हणालो, पाऊणशे वर्षांमागच्या जुन्या दुष्काळावर गोष्ट लिहितोय, तिची आहे.

"जुन्या?" ती म्हणाली. "जुन्यातलं मला काय ठावं? तवा म्या जल्मले बी नव्हते. म्या औंदा काय खाते, ते सांगितलं. तुमी तेच इचारलं न्हवं?"

एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती. मी मुकादमाकडं रदबदली करून पाहिली. आता पुढची यादी महिन्यानं, तो म्हणाला. मग मी बनाबाईला म्हटलं, "घरी चला मावशी, दोन घास खा."

"जेवायला न्हाय आले म्या. कामाला आले," ती म्हणाली, आणि ढिगाशी बसून दगड फोडू लागली.

"म्हातारे, तुझी हजेरी लागणार न्हाय!" मुकादम ओरडला.

तिनं मान वर केली नाही.