चार वाजता उघडायचा डबा

लग्न होऊन या घरात आले त्याच्या तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझ्या हातात पोरीचा शाळेचा डबा दिला. स्टीलचा, दोन कप्प्यांचा, झाकणाच्या कडेला पोचा आलेला. म्हणाल्या, माझे हात कापतात, आता हे तुझं काम. पोरीची आई जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. ह्यांना बोम्मसंद्र्याच्या कारखान्याची बस पहाटे साडेपाचला गाठायची असते, त्यामुळे सकाळी घरात आम्ही तिघीच. पोर दुसरीत होती. मला चिक्कम्मा म्हणायचं, म्हणजे धाकटी आई, असं तिला शिकवून ठेवलं होतं. ती तसं म्हणायची. एकदाही चुकली नाही.

पहिल्या दिवशी मी पोळी आणि बटाट्याची भाजी दिली. चार वाजता व्हॅन आली, तिने डबा ओट्यावर ठेवला आणि पाय धुवायला गेली. मी झाकण उघडलं तर पोळीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

मला वाटलं, आमच्या निपाणीकडची चव तिला चालत नसेल. इथले हे लोक कितीतरी पिढ्यांपासून बेंगळुरूचे. मराठी बोलतात, पण भाजीला पल्या म्हणतात आणि पानात आधी भात लागतो. म्हणून सासूबाईंना विचारून चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात, शिकले. उप्पीट केलं, छोट्या इडल्या केल्या. डबा भरून जायचा आणि भरूनच यायचा. मग मल्लेश्वरमच्या बाजारातून शेवटी नूडल्सचं पाकीटही आणलं. ते थंड होऊन डब्याच्या आकाराची वडी झालेली परत आली. फोनवर बायका दाखवतात तसं गाजराच्या चांदण्या कापल्या, पोळीत भाजी गुंडाळून वर लवंग टोचून दिली. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "शाळेत पाठवतेस की रुखवतात मांडतेस?" मला हसू आलं. चार वाजता चांदण्या सुकून आल्या.

ती हट्टी नव्हती. हट्ट केला असता तर मी रागावले तरी असते. रात्री ती दहीभात खायची. कुकर मी लावलेला, दही मी विरजलेलं, पण कालवायची आजी. आजीच्या बोटांतून आला की तो भात तिला चालायचा. डब्यात आजीची बोटं कुठून घालणार?

ऑगस्टमध्ये शाळेतून चिठ्ठी आली. इंग्रजीत होती. मी चौथीपर्यंत शिकले, तेही मराठी शाळेत. ह्यांनी संध्याकाळी वाचून सांगितलं की दुपारी रांगेत उभी असताना मुलीला चक्कर आली, ती डबा खात नाही, घरी लक्ष द्यावं. सासूबाई दारातून ऐकत होत्या. मी जमिनीकडे बघत उभी राहिले. पोर सकाळी सातला अर्धा पेला दूध पिऊन जाते आणि चारपर्यंत उपाशी असते, आणि ते माझ्यामुळे, हे तिघांनाही कळलं होतं.

मग भाद्रपदात अविधवा नवमी आली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी तो दिवस करतात. पोरीला घरीच ठेवलं होतं. सगळा स्वयंपाक सासूबाईंनी कापत्या हातांनी केला, मला नुसतं वाटण करायला दिलं. भरड्याचे वडे, खीर, आमसुलाची चटणी. गच्चीवर पान ठेवलं, कावळा आला, आणि सासूबाई पोरीला जवळ घेऊन म्हणाल्या, बघ, आई आली, पोटभर जेवली. पोर बराच वेळ त्या पानाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पीठ भिजवायला मी विसरले होते. टोपलीत पाच वडे उरले होते. मी ते आणि आमसुलाची चटणी डब्यात घातली. शाळेत व्हॅन पोहोचली असेल तेव्हा सासूबाईंनी टोपली पाहिली आणि कपाळावर हात मारला. श्राद्धाचं उरलेलं घराबाहेर देतात का, शिकवलं नाही का कोणी? मी चुकले म्हणाले.

चार वाजता डबा हलका लागला. उघडला तर आत काहीच नव्हतं. चटणीची वाटी बोटाने पुसून घेतलेली होती.

मी तो डबा घासायला घेतला नाही. संध्याकाळपर्यंत तसाच ओट्यावर ठेवला. ह्यांना दाखवला. मग हिंमत करून सासूबाईंना विचारलं, आठवड्यातून एकदा वडे करू का.

"हे पदार्थ उगाच करायचे नसतात," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा रोज रस्त्याने जातो-येतो. त्याच्या जिवावर उठू नकोस."

त्यांचं खरं होतं. माझ्या माहेरीही आमसुलाची चटणी श्राद्धाशिवाय कोणी वाटत नाही. मी पुन्हा पोळी-भाजी द्यायला लागले. डबे पुन्हा भरून यायला लागले. शाळेतून दुसरी चिठ्ठी आली.

दसरा झाल्यावर सासूबाई दोन दिवस माझ्या नणंदेकडे, सर्जापूर रोडला गेल्या. त्या सकाळी हे बसला गेले आणि मी भरडा भिजवला. आमसुलं वाटताना दोनदा हात धुऊन देवापुढे उभी राहिले. ह्यांना काही होऊ देऊ नकोस, म्हटलं, पोर उपाशी आहे. पाच वडे घातले, तितकेच, मोजून. सगळा दिवस कान दाराकडे आणि फोनकडे. ह्यांना तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा ते म्हणाले, झालंय काय तुला?

चार वाजता डबा जड होता. पाचही वडे होते.

मी कधी तिला विचारत नसे. त्या दिवशी ती पाय धुवून आली तेव्हा विचारलं, "त्या दिवशी तर खाल्ले होतेस."

"ते आईचे होते," ती म्हणाली. "तिने जेवून माझ्यासाठी ठेवले होते."

"मी तसेच केलेत गं."

तिने डब्यात पाहिलं. वास घेतला. "हो, तसेच झालेत," असं म्हणाली, आणि मला वाईट वाटू नये म्हणून एक वडा हातात घेतला. थोडा वेळ धरून ठेवला आणि परत ठेवला.

हे संध्याकाळी सुखरूप आले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "स्वल्प दिवस जाऊ देत." मग दिवाळीनंतर शाळेतच जेवण लावलं. सांबार-भात असतो, तो ती खाते, वजनही वाढलं. चक्कर येत नाही.

डबा मात्र अजून जातो. घरात बाई असताना पोर रिकाम्या हाताने गेलेली बरी दिसत नाही, असं सासूबाईंचं म्हणणं. आता ती तिसरीत आहे. रोज दप्तरातून नेते, रोज आणून ओट्यावर ठेवते. ती आत गेली की मी उभ्याउभ्याच तो खाऊन टाकते. चित्रान्न चारपर्यंत कोरडं पडतं, म्हणून हल्ली पोळी आणि लोणचंच देते. ते मला गार खाता येतं.