पेन्सिलीतला नांगर

भाऊजी गेल्याची बातमी मला विशेषणासकट कळली. मी चार दिवसांसाठी लेकीकडे कुकटपल्लीला गेले होते. सकाळी चहा गाळत होते, तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि तिने तो माझ्यापुढे धरला. आमच्या पुतण्याच्या, अभयच्या, ऑफिसातून फलक आला होता. मागे निळ्या लाटा, कोपऱ्यात हात जोडलेला अभय, मध्ये भाऊजी, आणि आधी तेलुगूत, मग मराठीत लिहिलेलं: ‘सागरवीर दत्तात्रेयराव यांना भावपूर्ण श्रद्धांजली’. खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते ‘भाऊजी गेले’ हे नव्हे. ‘हा अभय मेला अजून सुधारला नाहीच,’ हे आलं. मग कुठे हातातली गाळणी खाली ठेवली... रडू आलं ते थेट रिक्षात, अमीरपेट मागे पडल्यावर. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. माझे यजमान गेल्यापासून नल्लकुंट्यातल्या आमच्या घरात खाली मी आणि वरच्या खोलीत ते एकटे राहत. शेजाऱ्यांनी हाक मारली, ओ आली नाही, तेव्हा त्यांनी आधी अभयच्या माणसांना फोन केला आणि मला नंतर. हे कोणाचे काका, ते सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक.

आमचं आडनाव इथे लिहीत नाही. जुन्या हैदराबादकरांना ते सांगायला नको आणि नव्यांना सांगून उपयोग नाही. आजेसासरे मंत्री होते, सासरे दोनदा आमदार, थोरल्या दिरांनी मरेपर्यंत राजकारण केलं, आणि त्यांचा मुलगा अभय आता तिकिटासाठी रांगेत आहे. पण घराण्याची म्हण निराळीच: ‘एक सभेला, एक समुद्राला.’ आजेसासऱ्यांचे धाकटे भाऊ घरातून पळून आरमारात भरती झाले आणि गणवेशात परत आले, तेव्हा रागावलेल्या आईनेच त्यांना ओवाळलं. तेव्हापासून दर पिढीत एक मुलगा नौदलाला द्यायचा, असा रिवाजच पडला. दुसऱ्या पिढीत चुलत सासरे गेले, तिसऱ्या पिढीत भाऊजी. या गावात पाणी म्हणजे हुसेनसागरचं तळं, आणि मुलं मात्र जहाजावर! लग्न होऊन आले तेव्हा मी मोठ्याने हसले होते, ते सासूबाईंनी बरेच दिवस लक्षात ठेवलं.

गंमत अशी, की भाऊजींना समुद्र लागायचा. लागायचा म्हणजे साधं मळमळणं नव्हे, माणूस जगतो की नाही असं व्हायचं. पहिल्याच फेरीत चौथ्या दिवशी त्यांना उतरवून घेतलं आणि विशाखापट्टणमला नकाशांच्या खोलीत बसवलं. पंधरा वर्षं ते तिथेच होते. कुठे दीपगृह बंद पडलं, कुठे वाळू सरकली, कुठे बोट बुडून तळाशी बसली, की वरून सूचना यायची आणि भाऊजी ती हाताने नकाशावर चढवायचे. पक्की असेल तर जांभळ्या शाईत, तात्पुरती असेल तर पेन्सिलीत. शाईतलं चुकलं तरी खोडायचं नाही, त्यावर एक बारीक रेघ मारायची, म्हणजे आधी काय होतं तेही वाचता येतं. आणि खाली डाव्या कोपऱ्यात दुरुस्तीचा क्रमांक. नोकरी सुटली तरी हात सुटला नाही. घरी येऊन त्यांनी घराण्याची वंशावळ मांजरपाटावर चिकटवलेल्या लांबलचक कागदावर उतरवली, ती याच रीतीने. ऐकीव ते पेन्सिलीत, स्वतः पाहिलेलं शाईत. लेकीबाळींची नावंही त्यांनी घातली. समुद्रावर गेलेल्याच्या नावापुढे जहाजाचा नांगर.

महिन्यातून एकदा जेवणाच्या टेबलावर तो कागद पसरला जाई. चार कोपऱ्यांवर डाळींचे डबे ठेवायचे, मी एक टोक धरून नावं मोठ्याने वाचायची, ते दुसऱ्या टोकाकडून ताडून बघायचे. नकाशाच्या खोलीतही दोघांनी मिळूनच तपासायचं असतं म्हणे. शाई पूर्ण वाळेपर्यंत घडी घालायची नाही. तोवर मला टेबल मोकळं मिळत नसे आणि मी भांड्यांचा आवाज जरा जास्तच करत असे. एकदा मी विचारलं, “भाऊजी, सगळ्यांचे नांगर शाईत आणि तुमचाच पेन्सिलीत का?”

“मी चार दिवस गेलो, वहिनी. त्याला गेलो म्हणायचं का, ते अजून ठरायचंय.”

“कोण ठरवणार?”

“सूचना वरून यायला हवी,” ते म्हणाले आणि हसले.

पुढचं लिहायला हात जड होतो. गेल्या वर्षी अभयने कुलसंमेलन भरवलं. तिकीट जवळजवळ ठरलं होतं, पक्षाचे लोक पहिल्या रांगेत होते. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलेली, म्हणून सूत्रसंचालन माझ्याकडे. ऐन वेळी अभयने हातात कागद दिला. त्यावर भाऊजींबद्दल लिहिलं होतं: ‘युद्धनौकेवरून शत्रूशी झुंज देणारे सागरवीर’. भाऊजींच्या पंधरा वर्षांत लढाई झालीच नव्हती. हे मला ठाऊक होतं. समोर दिवे, माणसं, अभयचे डोळे... मी वाचलं. चांगलं खणखणीत वाचलं. टाळ्या झाल्या. भाऊजी उठले, सावकाश माइकपाशी आले आणि म्हणाले, “मी जहाजावर चार दिवस होतो. चारही दिवस बादलीत डोकं घालून. पुढे मी नकाशे दुरुस्त करत होतो. एवढंच.” सभागृहात कोणीतरी हसलं, मग सगळेच. संध्याकाळपर्यंत ते हसू गावभर फोनांवर फिरत होतं. अभयचं तिकीट गेलं.

घरी आल्यावर भाऊजी जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबले. “वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं ना?”

“कागदावर होतं,” मी म्हणाले.

“कागदावर बरंच असतं.”

एवढंच बोलले आणि वर गेले. त्यानंतर ते माझ्याशी नीट बोलत, भाजी आणून देत, चहाला खाली येत. पण कागदाचं टोक धरायला त्यांनी मला पुन्हा बोलावलं नाही. वर एकटेच तपासत. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मीही कधी ‘चुकलं माझं’ म्हणाले नाही. आज म्हणू, उद्या म्हणू, करत दहा महिने गेले. अभयच्या घरून त्या दहा महिन्यांत कोणी आलं नाही, सणाला नाही, भाऊजी पडून पाय दुखावला तेव्हा नाही. त्याला मुलगी झाली, तेसुद्धा आम्हाला इस्त्रीवाल्याकडून कळलं.

तेरावा झाल्यावर आठवड्याने अभय आला. एकटाच आला होता. मी चहा ठेवला. त्याने कपाला हात लावला नाही.

“काकू, ती वंशावळ पाहिजे. घराण्याचं पुस्तक काढतोय. काकांचं पान पहिलं.”

“पानावर काय छापणार?”

“तेच, सागरवीर. तुम्ही फक्त तो नांगर शाईत करा आणि पुढे ‘युद्धात’ लिहा. तुमचं अक्षर काकांसारखंच आहे.”

“ते नाही म्हणाले होते. सगळ्यांसमोर.”

“लाइट घ्या ना काकू! ते गेले आता. मराठी वाचणारे किती राहिलेत? कोण बघायला येतंय?” त्याचा आवाज चढला. “माझं काय झालं ते बघितलं ना तुम्ही? एका वाक्याने बरबाद केलं मला. आता एक वाक्य माझ्यासाठी लिहा.”

मी वर गेले, कागदाची गुंडाळी आणि जांभळ्या शाईचं पेन घेऊन आले, टेबलावर पसरलं, डबे ठेवले. “धर ते टोक,” म्हटलं. दहा महिन्यांनी मी तो कागद बघत होते. भाऊजींच्या नावाखाली पुढे रेघ नव्हती, लग्नच केलं नव्हतं त्यांनी. मी पेन्सिलीच्या नांगरावरून पेन फिरवलं. अभयने सुस्कारा सोडला. मग मी नांगराशेजारी लिहिलं आणि त्याला म्हणाले, “वाच.”

पोरगं इंग्रजी शाळेतलं. एकेक अक्षर लावत वाचलं, “कि...नाऱ्या...वर. नकाशे... दुरुस्त केले. पंधरा वर्षं.” त्याचा चेहरा उतरला. “काकू, हे मी सभेत कसं वाचू?”

“नको वाचूस. मी एकदा वाचलंय सभेत, मला माहीत आहे काय होतं ते. वरून सूचना यायला हवी, असं तुझे काका म्हणायचे. आता या घरात वरचं माणूस मीच. पुढे वाच, तपासून झाल्याशिवाय टोक सोडायचं नसतं.”

तो उठून जाईल असं मला वाटलं. टोक सोडलं असतं तर तपासणी तिथेच राहिली असती. पण त्याने सोडलं नाही. माझ्या नवऱ्याचं नाव वाचलं, माझ्या लेकीचं, स्वतःच्या वडलांचं, मग स्वतःचं. त्याखाली एक नवी रेघ होती, पेन्सिलीत. तिच्या टोकाशी भाऊजींच्या अक्षरात काहीतरी बारीक लिहिलं होतं. अभय वाकला.

“मुलगी. नाव... नाव काय? अभय... आला की... विचारणे.”

दोनदा वाचलं त्याने. दुसऱ्यांदा अक्षरं लावावी लागली नाहीत. मग त्याच्या तोंडून फक्त “काका...” एवढंच निघालं आणि तो टेबलावर तळहात टेकून उभा राहिला. मीही रडले. थोड्या वेळाने त्याने मुलीचं नाव सांगितलं आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

“ऐकीव आहे,” मी म्हणाले. “घेऊन ये तिला. बघितल्याशिवाय शाई नाही.”

तो कागद न घेताच गेला. तो गेल्यावर मी खाली डाव्या कोपऱ्यात पुढचा क्रमांक घातला आणि लिहिलं, ‘चुकीचं वाचलं होतं. दुरुस्ती: वहिनी.’ भाऊजी असते तर त्यांना दाखवलं असतं... त्या दिवसाला आता दोन आठवडे झाले. कागद टेबलावर तसाच पसरलेला आहे, चार कोपऱ्यांवर चार डबे, आणि आमटीला डाळ हवी असली की मी दुकानातून पावशेर आणते. मी ताट घेऊन स्वयंपाकघरात खाली बसून जेवते. शाई केव्हाच वाळली आहे. पण पेन्सिलीतलं एक नाव राहिलंय, म्हणून घडी घातलेली नाही.