गार हवेची वाटणी

सोसायटीच्या मीटिंगला मी सहसा जात नाही. गेलं की डोकं फिरतं आणि त्याचा राग दुसऱ्या दिवशी वर्गातल्या पोरांवर निघतो. पण गेल्या मे महिन्यातल्या मीटिंगला गेले, आणि तिथं जे ऐकलं ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

आधी त्या मशीनबद्दल सांगते. सोलापुरात बोअरच्या पाण्याला क्षार इतका की गिझरची कॉईल बघता बघता पांढरी होऊन मरते. गच्चीवरचं सोलर तर क्षारानं चोंदून केव्हाच बंद पडलं होतं. म्हणून कमिटीनं सगळ्या बिल्डिंगसाठी एक हीट पंप बसवला. हा विजेवर चालतो, पण गिझरसारखी कॉईल लाल करत नाही. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घेतो, ती पाण्यात सोडतो आणि उष्णता काढून घेतलेली हवा दुसऱ्या बाजूनं फेकून देतो. फ्रीजच्या मागं हात लावला की गरम लागतं ना, त्याच्या उलट. इथं पाणी गरम आणि फेकलेली हवा गार. कल्पना मला पहिल्यापासून पटली होती. आमच्या गावात बाकी कशाचीही टंचाई असेल, उष्णतेची नाही.

मशीन गच्चीवर बसायचं होतं. पण गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही. सामाईक टाकीवर आमच्याकडे कुणाचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येक घराची वेगळी काळी टाकी वर उभी आहे. शेवटी मशीन खाली मागच्या बोळात बसवलं, बरोबर माझ्या खिडकीसमोर. खिडकीच्या आत आईचा पलंग.

पहिल्या डिसेंबरात त्या हवेनं आई कुडकुडायला लागली. मी चेअरमनसाहेबांना सांगितलं, जरा मशीनचं तोंड फिरवून घ्या. ते बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला गोड. म्हणाले, ‘‘मॅडम, एवढं ॲडजस्ट करायला पाहिजे. सगळ्यांच्या सोयीचा प्रश्न आहे.’’ मी खिडकीवर जाड सोलापुरी चादर ठोकली आणि गप्प बसले. थंडीची वाटणी करून घेऊ असं तेव्हा एकही माणूस म्हणाला नाही.

फेब्रुवारीत आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. डॉक्टरांनी बजावलं, उन्हाळ्यात यांना तापू देऊ नका, अंगातलं पाणी कमी झालं तर दुसरा झटका यायला वेळ लागणार नाही. आता सोलापूरच्या मे महिन्यात माणसाला तापू द्यायचं नाही म्हणजे काय करायचं? कूलर लावला, पण कूलर पाणी पितो, आणि आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो. एसीचा भार आमच्या जुन्या वायरिंगला झेपत नाही. एकदा मैत्रिणीचा आणून लावून बघितला, तर अख्ख्या मजल्याची वीज गेली.

एका दुपारी मशीन सुरू झालं आणि आईनं डावा हात खिडकीकडं केला. चादर काढ म्हणत होती. मी चादर उपटली. खोलीत अशी गार झुळूक आली की आईनं डोळेच मिटले. उन्हाच्या झळा चालू असताना ती त्या दिवशी पहिल्यांदा दुपारची झोपली. मी पलंगापाशी बसून पेपर तपासले. त्या मशीनवर माझा जीव जडला, हे कबूल करायला मला लाज नाही.

आता कुणी विचारेल, मे महिन्यात गरम पाणी लागतं कुणाला? कुणालाच नाही. काळ्या टाकीतलं पाणीच चहाला चालेल इतकं तापलेलं असतं. तरी मशीन दुपारभर चालत होतं, आणि का चालत होतं ते बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गरम पाण्याच्या मशीनला पाणी येतं ते सोसायटीच्या खालच्या सामाईक टाकीतून. म्हणजे गरम नळ सोडला की आपल्या टाकीतला थेंबही कमी होत नाही! झालं. प्रत्येक घरात बादल्या, पिंपं, पातेली गरम नळाखाली लागली. वाफाळतं पाणी भरायचं, संध्याकाळपर्यंत निवत ठेवायचं आणि मग त्यानं भांडी घासायची. वीज जाळून तापवलेलं पाणी, तेही चव्वेचाळीस डिग्रीत, निववून वापरायचं! हे आमच्या गावातल्या माणसालाच सुचू शकतं. पाणी दिसलं की आमचा हात आपोआप भांड्याकडं जातो, डोकं नंतर येतं.

वरच्या मजल्यावरच्या वहिनींना मी एकदा हसत हसत म्हटलंही, ‘‘वहिनी, गरम पाणी कशाला भरता?’’

‘‘समद्याच भरत्यात की. आपुन न्हाय भरलं तर दुसरं कोण तरी नेतंयच,’’ त्या म्हणाल्या.

त्यांच्या पिंपामुळं माझ्या आईला गार हवा मिळत होती, म्हणून मी पुढं बोलले नाही.

मग ती मीटिंग. चेअरमनसाहेबांनी विचारलं, ‘‘उन्हाळ्यात मशीन दिवसभर कसं चालतं? गरम पाणी जातं कुठं?’’ ज्यांच्या मोऱ्यांत पिंपं काठोकाठ भरलेली होती, ते सगळे फरशीकडं बघत बसले. आणि मग वहिनींचे मिस्टर म्हणाले, ‘‘मॅडमच्या खिडकीत गार हवा येती. मशीन चालावं म्हणून त्याच नळ सोडून देत असतील.’’

मी पाणी सोडून देते! सोलापुरात माणसाला चोर म्हणा, तो एक वेळ ऐकून घेईल. पाणी वाया घालवतो म्हणणं म्हणजे तोंडावर थुंकणं आहे. मी उभी राहिले. आवाज चढला, चढणारच. म्हटलं, ‘‘चला आत्ता प्रत्येकाच्या घरात, पिंपात हात घालून बघू पाणी कुठलं आहे.’’ कुणी जागचं हललं नाही. वहिनी पदराचं टोक पिळत होत्या. त्या एका शब्दानं खरं सांगू शकल्या असत्या, पण त्यांनी सांगितलं नाही.

‘‘भांडण नको,’’ चेअरमनसाहेब म्हणाले. ‘‘मुद्दा एवढाच की मशीन सगळ्यांचं, मग एकाच घराला फुकटचा एसी बरोबर दिसत नाही. आपण तोंड फिरवून घेऊ.’’

डिसेंबरात जे तोंड फिरत नव्हतं ते मे महिन्यात दुसऱ्याच दिवशी फिरलं. कुणाच्या घराकडं फिरवलं असतं तर मी समजून घेतलं असतं. वरच्या मजल्यावर एक आजोबा आहेत, त्यांना हवा मिळाली असती तरी मी भांडले नसते. पण त्यांनी ते कंपाउंडच्या भिंतीकडं केलं. कुणालाच मिळायला नको म्हणून गार हवा भिंतीला दिली, आणि सगळ्यांचं समाधान झालं.

दोन दिवसांत आईचं अंग तापलं. ओठ सुकले, बोलणं आणखी जड झालं. मी ओल्या फडक्यानं तिला पुसत होते आणि बाहेर मशीन घरघरत भिंत गार करत होतं. तिसऱ्या दुपारी माझं डोकं सटकलं. घडीची खाट ओढत बोळात नेली, मशीन आणि भिंत यांच्या मधे टाकली, आणि आईला धरून धरून नेऊन तिच्यावर निजवलं. मागं त्या वेळी सावली असते. मी उशाशी स्टूल घेऊन बसले. गाड्या लावायला सगळे त्याच बोळातून जातात. येऊ देत, म्हटलं.

पहिले चेअरमनसाहेबच आले, स्कूटर ढकलत. थांबले. ‘‘मॅडम, पॅसेज कॉमन आहे. असं नाही चालणार.’’

‘‘कॉमन आहे म्हणूनच आणलंय आईला,’’ मी म्हटलं. ‘‘आता उचलायचं असेल तर तुम्ही उचला. मी हात लावणार नाही.’’

ते काहीतरी बोलणार तेवढ्यात आईनं डोळे उघडले. तिला ना मीटिंग ठाऊक, ना ठराव. भर उन्हातून आलेला, घामानं निथळणारा एक माणूस तेवढा तिला दिसला. जड जिभेनं ती म्हणाली, ‘‘बस की बाळा. लई गार हाय हितं.’’

आणि चांगल्या हातानं तिनं आपला लुळा पाय ओढून घेतला, त्यांना बसायला जागा केली.

ते बसले नाहीत. स्कूटर तशीच मागं घेऊन निघून गेले. खाट कुणी उचलली नाही, उन्हाळाभर ती तिथंच राहिली. पण त्या दिवसाचा माझा राग काही गेलेला नाही. त्यांच्यावरचा एक वेळ जाईल. त्या माणसासाठी आईनं तो पाय ओढला, त्याचा जाणार नाही.